मॅसी ३५ च्या स्टेअरिंगला वीतभर खेळ: बॉक्स बदलू की आधी बाकीचं बघू?

बागायतदार_निफाड

नमस्कार मंडळी. आमच्या मळ्यात आजोबांनी १९६४ साली घेतलेला मॅसी फर्ग्युसन ३५ आहे, तीन सिलिंडर पर्किन्सचा. इंजिनाची तक्रार नाही, थंडीतसुद्धा अर्ध्या सेल्फला उठतं. मोठी कामं नवा ट्रॅक्टर करतो. ह्याच्याकडे द्राक्षबागेतली हलकी पाळी (वरवरची मशागत) आणि शेणखताची छोटी ट्रॉली एवढंच ठेवलंय.

अडचण स्टेअरिंगची आहे. चाकं हलायच्या आधी स्टेअरिंग वीतभर नुसतंच फिरतं. डांबरी रस्त्यावर जरा वेग घेतला की पुढची चाकं थरथरायला लागतात. आमच्या ओळी ९ फुटांच्या. गेल्या महिन्यात वळणावर नाक उशिरा वळलं आणि बारा वर्षांच्या थॉमसन द्राक्षाच्या वेलीचं खोड हातभर सोललं गेलं. सालीखालचं ओलं पांढरं लाकूड बघून जेवण गेलं नाही त्या दिवशी.

मिस्त्री दोन मिनिटं स्टेअरिंग हलवून म्हणाला, स्टेअरिंगचा बॉक्स (गिअरची पेटी) गेला, जुन्या बाजारातून दुसरा आणू, नाहीतर पॉवर स्टेअरिंग बसवू. द्राक्षाच्या गोडी छाटणीच्या आधी काम उरकायचंय. तुम्ही काय केलं असतं?

काळी_माती

ग्रीस शेवटचं कधी मारलं होतं? निपल (ग्रीस भरायची तोंडं) दिसतात का, की मातीखाली गेलेत?

बागायतदार_निफाड

आत्ता जाऊन बघून आलो. किंगपिनच्या (ज्या उभ्या पिनेवर पुढचं चाक वळतं तिच्या) दोन निपलांपैकी डावं ग्रीस घेतच नाही, गनमधून बाजूनेच बाहेर येतं. आजोबा होते तोवर दर रविवारी सकाळी फडकं आणि गन घेऊन बसायचे. त्यांच्यानंतर त्या कामाला ठरलेला माणूस राहिला नाही, हे खरं आहे.

जुनं_लोखंड

भाऊ, दोन मिनिटांत बॉक्स गेला असं सांगता येत नाही. तुमच्या ३५ ला स्टेअरिंग व्हीलपासून चाकापर्यंत किती सांधे आहेत ते मोजा. बॉक्समधून दोन्ही बाजूंना एकेक ड्रॉप आर्म (शाफ्टवर बसलेला दांडा) बाहेर येतो. प्रत्येक आर्मला एक ड्रॅग लिंक (चाकाकडे जाणारा लांब रॉड), म्हणजे डाव्या चाकाला वेगळी आणि उजव्याला वेगळी. प्रत्येक लिंकला दोन बॉल जॉइंट (वाटीत फिरणारा गोळा), झाले चार. पुढे किंगपिनच्या डोक्यावरचा आर्म, त्याखालची चावी, मग किंगपिनचे बुश (पिनेभोवतीच्या बदलायच्या नळ्या), खाली थ्रस्ट बेअरिंग, शेवटी हबचे बेअरिंग. प्रत्येक ठिकाणी अर्धा मिलिमीटर झिजलं तरी वर व्हीलवर त्याची वीत होते.

इंजिन बंद करा. पुढची चाकं जमिनीवरच असू द्या. एकाला सीटवर बसवा आणि व्हील डावी-उजवीकडे फक्त खेळापुरतं हलवायला सांगा, जोर नको. तुम्ही खाली बसून एकेका सांध्यावर अशी बोटं ठेवा की सांध्याचे दोन्ही भाग एकदम बोटाखाली येतील. जिथे एक भाग हलतो आणि दुसरा थांबतो तिथे बोटाला टिचकी बसते. डोळ्याला दिसत नाही तेही बोटाला कळतं. सुरुवात वरून करा. बॉक्समधून बाहेर आलेला शाफ्ट आणि त्यावरचा ड्रॉप आर्म ह्यांच्यात टिचकी लागली तर नट ढिला आहे किंवा स्प्लाइन (शाफ्ट आणि आर्मच्या एकमेकांत बसणाऱ्या खाचा) खाल्ल्यात. व्हील फिरतंय आणि शाफ्टच उशिरा हलतोय असं दिसलं, तरच बॉक्सचं नाव घ्यायचं.

मग अॅक्सल जॅकवर घ्या आणि खाली घोडे (लोखंडी स्टँड) लावा. नुसत्या जॅकवर ठेवून खाली जायचं नाही. चाक वर-खाली धरून हलवा आणि दुसऱ्याला किंगपिनच्या डोक्याकडे बघायला सांगा. पिन अॅक्सलमध्ये डुलली तर बुश. पिन गप्प आणि हबच डुलला तर बेअरिंग. नंतर चाक डावी-उजवीकडून धरून हलवा, त्यात लिंकचे जॉइंट कळतात.

आणखी एक, जे कुणी बघत नाही. अॅक्सलच्या दोन्ही टोकांपासून मागे रेडियस रॉड जातात, त्यांच्या मागच्या टोकाला गोळा आणि टोपी असते. ती झिजली की ब्रेक मारताना अॅक्सलच पुढे-मागे सरकतो आणि स्टेअरिंग आपोआप एका बाजूला ओढलं जातं. मधली सेंटर पिन आणि तिचा बुशही बघा.

सायखेडा_रोड

एवढं सगळं उघडत बसण्यापेक्षा पॉवर स्टेअरिंग बसवून टाका. माझ्या भावाने बसवलंय, एका बोटाने फिरतं. वडील सत्तरीचे आहेत, तेही चालवतात. जुन्या वस्तूवर प्रेम असावं, पण खांदे आपलेच दुखतात.

जुनं_लोखंड

सायखेडा भाऊ, वडिलांसाठी केलंत ते चांगलंच केलं. पण खेळ घालवायला पॉवर हा इलाज नाही. सिलिंडर जोर देतो, झिजलेला बॉल जॉइंट भरून काढत नाही. उलट हाताला लागणारी टिचकी बंद होते, मग जॉइंट निखळेपर्यंत पत्ता लागत नाही. शिवाय बहुतेक किटला दोन्ही चाकं एका टाय रॉडने जोडलेली लागतात. ३५ ला टाय रॉडच नाही, म्हणजे आर्म बदला, रॉड बनवा, अॅक्सलखाली जागा काढा. बसवायचंच असेल तर आधी सगळे सांधे नवे करून मग बसवा.

सायखेडा_रोड

सांधे आधी करायचे हे मान्य. भावाच्या ट्रॅक्टरला टाय रॉड होताच, त्यामुळे ती अडचण माझ्या लक्षात आली नव्हती.

कसमादे

आमनाकडे बी हाईच गत शे भाऊ! पण मी एक गोष्ट सांगतो, ती सगळ्यांनी वाचा.

आमच्या जुन्या ट्रॅक्टरचा ड्रॅग लिंकचा जॉइंट ढिला झाला होता. नवीन आणायला दोन दिवस लागणार होते आणि कांद्याची ट्रॉली भरून उभी. गावात एकाने वेल्डिंगचा टाका मारून वाटीचं तोंड आवळून दिलं. घट्ट झालं, मीही खूश. राहूड घाट उतरताना एका खड्ड्यात चाक गेलं आणि गोळा वाटीतून निसटला. एक चाक माझं ऐकत होतं, दुसरं आडवं झालं. नशिबाने वेग कमी होता आणि डोंगराची बाजू होती. ट्रॅक्टर चरात जाऊन थांबला, ट्रॉली उभी राहिली. धाकटा भाऊ मडगार्डवर बसला होता. मी खाली उतरलो तर पाय जमिनीवर ठरेनात.

नंतर वाटी कापून बघितली. वेल्डिंगच्या उष्णतेने आतली बैठक जळून गेली होती, गोळा एका कडेवरच अडकलेला. तेव्हापासून स्टेअरिंगच्या कुठल्याही भागाला आमच्याकडे वेल्डिंगचा रॉड लागत नाही.

मळ्याची_लेक

कसमादे दादा, वाचूनच अंगावर काटा आला. भाऊ कसा आहे आता?

कसमादे

एकदम ठणठणीत, ताई. आता तोच गाडीला ग्रीस मारतो, कुणाला हात लावू देत नाही.

लेथवाला_अंबड

कसमादेंच्या म्हणण्याला माझा पूर्ण पाठिंबा. आमच्याकडे अंबडला लोक ड्रॉप आर्म घेऊन येतात, स्प्लाइन भरून द्या म्हणतात. मी परत पाठवतो. आर्म फोर्जिंगचा असतो. वेल्डिंग केलं की टाक्याशेजारची पट्टी कडक आणि ठिसूळ होते, आणि तो तुटतो तेव्हा आधी सांगत नाही. स्प्लाइन गेल्या तर आर्म नवा, शाफ्टही तपासा.

किंगपिनचं मात्र काम होतं. पिन काढली की मायक्रोमीटरने तीन ठिकाणी मोजा: बुश बसतो तिथे वर, खाली, आणि मध्ये जिथे झीज नसते. मधलं माप मूळचं समजा. आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजा, कारण पिन अंडाकार झिजते. ३५ चे स्पिंडल (किंगपिन आणि चाकाचा धुरा मिळून एक भाग) अजून बाजारात मिळतात, झीज जास्त असेल तर नवेच घ्या. थोडीच असेल तर पिन ग्राइंड करून गोल करायची आणि तिच्या मापाचा गनमेटल बुश बनवायचा. हार्ड क्रोम करून मूळ मापावरही आणता येते, पण खांद्याजवळची गोलाई खाल्ली जाणार नाही हे बघायचं, पिन तिथूनच तुटते.

बुश दाबून बसवला की आत आवळतो. म्हणून बसवल्यानंतर रीमर (भोक मापात आणायचं हत्यार) मारावाच लागतो, तोही वरचा-खालचा दोन्ही बुशांतून एकाच दमात, म्हणजे दोन्ही भोकं एका रेषेत येतात. मी पिन आणि बुशात ०.०५ ते ०.०८ मिलिमीटर जागा ठेवतो. तेल लावलेली पिन हाताने फिरत आत जायला हवी, हातोडी लागली तर काम चुकलं समजा.

आणि एक बारकावा. बुशला ग्रीसचं भोक असतं. ते निपलच्या भोकासमोरच यायला पाहिजे. तुमचं डावं निपल ग्रीस घेत नाही म्हणता, मला तिथेच शंका आहे.

मळ्याची_लेक

बॉक्सबद्दल माझा अनुभव लिहिते. आमचा ट्रॅक्टर दुसऱ्या कंपनीचा, पण जुनाच, दिंडोरीकडच्या पावसात वर्षानुवर्षं उघड्यावर उभा. स्टेअरिंग व्हीलच्या मधली टोपी कधीतरी पडली, कुणी लक्ष दिलं नाही. ते पाणी शाफ्टवरून सरळ कॉलममध्ये आणि तिथून बॉक्समध्ये. बाबांनी ड्रेन उघडला तर आधी चहाच्या रंगाचं पाणी आलं, मग तेल. वरचं बेअरिंग गंजून त्याच्या गोळ्या खवल्यासारख्या झालेल्या. प्लास्टिकचं झाकण लावलं असतं तरी वाचलं असतं सगळं.

त्याआधी एका मिस्त्रीने खेळ घालवायला बॉक्सचा अॅडजस्टिंग स्क्रू आवळत आवळत नेला होता. सरळ रस्त्याला छान वाटलं. शेतात टोकाला पूर्ण वळवलं तर स्टेअरिंग अडकलं, परत येईना. ट्रॅक्टर बांधावर चढला. असं का झालं हे मला कुणी नीट सांगितलं नाही कधी.

जुनं_लोखंड

मी सांगतो ताई. ट्रॅक्टर सगळ्यात जास्त वेळ सरळच चालतो, त्यामुळे बॉक्समधले दात किंवा कॅम मधोमध जास्त झिजतात आणि दोन्ही टोकांना जवळपास नवेच राहतात. मधली झीज धरून आवळलं की टोकाला जागाच उरत नाही. चांगल्या बॉक्समध्ये सरळ स्थिती ही सगळ्यात घट्ट ठेवलेली असते, म्हणून अॅडजस्टमेंट सरळ स्थितीत करतात. पण करून झाल्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून बघायचंच. कुठे अडकलं तर स्क्रू मागे घ्यायचा आणि बॉक्सची झीज कबूल करायची.

फर्गी_प्रेमी

थोडं विषयांतर, पण ३५ चं नाव निघालं की राहवत नाही. ह्या दोन ड्रॅग लिंकमागे हॅरी फर्ग्युसनचं डोकं आहे. त्याचा राखाडी टीई-२० हा कॉव्हेंट्रीत १९४६ ते १९५६ पर्यंत बनला, पाच लाखांच्या वर. १९५३ मध्ये तो मॅसी-हॅरिसबरोबर गेला आणि त्यातून पुढे मॅसी फर्ग्युसन हे नाव आलं. ३५ हा त्या राखाडीचा थेट वारस. अॅक्सलचे तुकडे मागे झुकलेले असतात, त्यामुळे पुढच्या चाकांची रुंदी कमी-जास्त केली तरी ड्रॅग लिंकची लांबी बदलावी लागत नाही. चेन्नईची टॅफे १९६० ची, आणि आपल्याकडच्या १०३५ ट्रॅक्टरचं मूळही ह्याच घराण्यात. म्हणून तर स्पेअर अजून मिळतात.

९ फुटी ओळीत चाकं आत घेऊन चालवणाऱ्या बागायतदाराला ह्या रचनेचं मोल कळेल.

बागायतदार_निफाड

फर्गी भाऊ, हे माहीतच नव्हतं! आजोबा कांद्याच्या वेळी चाकं बाहेर घ्यायचे आणि बागेच्या वेळी आत, ते आठवतं. लिंकला कधी हात लावलेला बघितला नाही. आज कारण कळलं.

काळी_माती

आमच्याकडे पोळ्याला बैलांच्या नंतर जुन्या ट्रॅक्टरलाही हळद-कुंकू लागतं. आई म्हणते, त्यानेही कष्ट उपसलेत. त्या दिवशी निवद दाखवायच्या आधी मी चारी जॉइंट पुसून ग्रीस मारतो, म्हणजे वर्षातून एकदा तरी नक्की होतं. बाकी वर्षभर पन्नास तासांना एकदा.

बागायतदार_निफाड (पाच दिवसांनी)

मंडळी, शनिवार-रविवार दोन्ही दिवस लावले. जुनं_लोखंड काकांनी सांगितलं तसं मुलाला सीटवर बसवलं आणि मी खाली. जे सापडलं ते सांगतो.

उजवा ड्रॉप आर्म: पहिलीच टिचकी तिथे! नटाची स्प्लिट पिन नव्हतीच, नट हाताने फिरला. स्प्लाइन बघितल्या, चमकतात पण खाल्लेल्या नाहीत.

डावी ड्रॅग लिंक: पुढचा जॉइंट गेलेला. रबरी टोपी फाटून आत लाल माती भरलेली.

किंगपिन: उजवी ठीक. डावी पिन वरून मारून निघेना. डिझेल सोडून रात्रभर ठेवली, सकाळी तापवून काढली. लेथवाला भाऊ, तुमची शंका तंतोतंत खरी निघाली. बुशाचं भोक निपलच्या बरोबर उलट्या बाजूला होतं. म्हणजे कधीकाळी कुणीतरी बुश बदलताना फिरवून बसवला आणि तेव्हापासून त्या पिनला ग्रीसचा थेंब मिळाला नाही. पिनवर एका बाजूला नख अडकेल एवढी पायरी पडलीय.

वरच्या आर्मखालची चंद्रकोरीसारखी चावी, तीही एका कडेला चेपलेली.

आणि बॉक्स? तेल कमी होतं, खालचा सील गळतोय. पण नट आवळल्यावर व्हील हलवलं तर शाफ्ट लगेच हलतो. बॉक्स चांगला आहे!

कसमादे

नट हाताने फिरला? आणि तसा रस्त्याने चालवलात? देवाची कृपा, भाऊ.

लेथवाला_अंबड

पायरी नखाला लागते म्हणजे ग्राइंडिंगच्या पुढे गेलंय. डावा स्पिंडल नवा घ्या, बुश दोन्ही बाजूंचे बदला, थ्रस्ट बेअरिंगही. चावी पण नवी, जुनी कानशीने घासून बसवू नका. अॅक्सलचं टोक घेऊन या, रीमर माझ्यासमोर मारू.

जुनं_लोखंड

ड्रॉप आर्म काढणार असाल तर आधी शाफ्ट आणि आर्मवर पंचाची खूण करा आणि पुलरने काढा. हातोडीचे घाव आत बेअरिंगला बसतात. दोन्ही बाजूंचे आर्म एकमेकांच्या मेळात बसलेले असतात, एक दात इकडचा तिकडे झाला की एक चाक जास्त वळेल, दुसरं कमी. सील बदलताना शाफ्ट जिथे सीलवर घासतो ती जागा झिरो पेपरने पुसा, खाच राहिली तर नवा सीलही गळेल.

सायखेडा_रोड

आणि पुढच्या दोन्ही टायरची हवा सारखी करा. माझी थरथर निम्मी त्यानेच गेली होती.

काळी_माती

सगळं जोडल्यावर टो-इन (पुढची चाकं पुढून किंचित जवळ असणं) विसरू नका. तुमच्या गाडीत मध्ये टाय रॉड नाही, म्हणून दोन्ही लिंकच्या लांबीनेच ते जमवायचं. आधी स्टेअरिंग बरोबर मध्यावर आणा: एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे फेरे मोजा आणि निम्मे मागे या. तिथे व्हील बांधून ठेवा. मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोरी ताणून एकेक पुढचं चाक सरळ करा. मग दोन्ही रिमच्या आतल्या कडेला, हबच्या उंचीवर पुढच्या बाजूला खडूची खूण करून अंतर मोजा. ट्रॅक्टर ढकलून त्याच खुणा मागच्या बाजूला आल्या की परत मोजा. पुढचं अंतर मागच्यापेक्षा किंचित कमी हवं, नक्की किती ते गाडीच्या पुस्तकात असतं. फरक काढायचा तो दोन्ही लिंकमध्ये निम्मा निम्मा. एकाच लिंकने काढलात तर ट्रॅक्टर सरळ जाईल आणि स्टेअरिंग वाकडं राहील.

मळ्याची_लेक

आणि व्हीलची टोपी बघा हो, प्लीज!

बागायतदार_निफाड (पुढच्या आठवड्यात)

झालं काम. डावा स्पिंडल, दोन्ही बाजूंचे बुश, थ्रस्ट बेअरिंग, डाव्या लिंकचे दोन्ही जॉइंट, चावी, सील, नव्या स्प्लिट पिना, बॉक्सला ताजं ९० नंबर तेल. लेथवाला भाऊंनी रीमर मारताना मला शेजारी उभं केलं आणि बुश दाबायच्या आधी भोकाची खूण माझ्याच हाताने करून घेतली. पिन आत गेली ती तेलाचा बारीक आवाज करत, स्वतःच्या वजनाने हळूहळू. तो आवाज अजून कानात आहे. ग्रीस मारलं तर बुशाच्या दोन्ही कडांनी सारखं बाहेर आलं.

व्हीलला आता दोन बोटांचा खेळ आहे. थरथर नाही. ताई, टोपी खरंच नव्हती. नवी मिळेपर्यंत स्टीलचं वाटीचं झाकण बसवलंय, आईने स्वतःहून दिलं.

काल सोललेल्या वेलीच्या ओळीतून ट्रॅक्टर नेला. खोडाला बोर्डो पेस्ट लावली होती, जखमेच्या कडेने नवी साल धरायला लागलीय. आजी बांधावर खुर्ची टाकून बसली होती. म्हणाली, "ह्यांच्यासारखा सरळ नेलास." मिस्त्रीलाही बोलावून सगळे जुने भाग दाखवले. त्याने किंगपिन बराच वेळ हातात धरली आणि बुशाचं भोक शोधायला लागला.

जुनं_लोखंड

फार आनंद झाला. पहिल्या दहा तासांनी दोन्ही ड्रॉप आर्मचे नट परत तपासा, नवीन बैठकीत थोडे उतरतात. आवळून भोक जुळलं नाही तर पुढच्या खाचेपर्यंत आवळा, मागे घेऊ नका, आणि स्प्लिट पिन नवीनच घाला.

बागायतदार_निफाड

पिना चार जास्तीच्या आणल्यात, काका. आजोबांच्या ग्रीस गनच्या डब्यात ठेवल्यात.